विहिरीवरील विजेची मोटार: ती फिरते कशी व जळते कां

माथेरानास दस्तुरी नाक्यापुढें मोटारगाड्यांस मज्जाव आहे, हें वाचकांस ठाऊक आहेच. १९०७ सालीं सुरू झालेली नेरळची छोटी आगगाडी सोडली तर तेथील चढ लोकांनीं पिढ्यान् पिढ्या पायीं, घोड्यावर बसून किंवा माणसांनींच ओढलेल्या रिक्षांतून काढला. डिसेंबर २०२२ मध्यें तेथें विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रयोगादाखल सुरू झाल्या. त्यानंतर एकदां मी वर गेलों असतां सोबत खालापुराकडील एक बागाईतदार होते. त्यांनीं रिक्षेखालीं वांकून पाहिलें व चालकास विचारलें, "हिच्यांत जळतें तें काय?" "कांहींच जळत नाहीं, मोटार आहे," असें उत्तर मिळतांच ते म्हणाले, "मग आमच्या विहिरीवरची कशी दर वर्षीं जळते?"

सगळे हंसले, परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. उन्हाळी भात पोटरींत असतां मोटार जळाली तर तारा भरणाऱ्या कारागिराकडे आठ दिवस मोडतात, आणि तेवढ्यांत लोंबीचा दाणा पोचट होतो. दुरुस्तीच्या पैशापेक्षां हें नुकसान मोठें. मोटार कशी फिरते हें ज्यास समजलें त्यास ती कां जळते हेंहि समजतें, आणि तें समजण्यास फार मोठी विद्या लागत नाहीं. एक मोडकें खेळणें पुरे आहे.

मुलांच्या मोडक्या खेळण्यांतून अंगठ्याएवढी मोटार काढावी. तिच्या दोन तारा घड्याळांतील बारक्या सेलास लावल्या म्हणजे दांडा फिरूं लागतो. ही झाली मोटार. आतां सेल काढून टाकावा, दुसऱ्या खेळण्यांतील तशीच मोटार घेऊन दोघींच्या तारा एकमेकींस जोडाव्या, पहिलीच्या दांड्यास दोरा गुंडाळावा व तो झपकन ओढावा. दुसरीचा दांडा आपोआप हलतो. पहिली मोटार आतां जनित्र, म्हणजेच डायनामो, झाली. तिच्यांत आपण कांहींएक बदललें नाहीं. तीच तार, तेंच लोहचुंबक, तोच दांडा. वीज आंत घातली तर फिरणें बाहेर येतें, आणि फिरणें आंत घातलें तर वीज बाहेर येते.

आणखी एक प्रयोग याच खेळण्यावर करावा, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभें आहे. तारा मोकळ्या ठेवून दांडा बोटांनीं फिरवावा. तो हलका फिरतो. मग त्याच दोन तारांचीं टोकें एकमेकांस टेकवून फिरवावा. तो जड लागतो, जणूं कोणी आंतून धरून ठेवलें आहे. तारा मोकळ्या असतां प्रवाहास वाट नव्हती. टोकें जुळतांच वाट मिळाली, प्रवाह वाहूं लागला व त्यानें फिरविणाऱ्या हातासच विरोध केला. ज्यांनीं जुन्या सायकलीचा डायनामो वापरला आहे त्यांस हा अनुभव नवा नाहीं. दिवा लागतांच पायडल जड होई.

हीं सर्व कोडीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत उलगडलीं. १८२० सालीं कोपनहेगन येथील अध्यापक ऑरस्टेड यांस असें दिसलें कीं, तारेंतून वीज सोडतांच जवळच्या होकायंत्राची सुई वळते. अर्थात् विजेपासून चुंबकत्व उत्पन्न होतें. तर मग चुंबकापासून वीज कां उत्पन्न होऊं नये? या प्रश्नाचें उत्तर १८३१ सालीं लंडन येथें मायकेल फॅरडे यांनीं दिलें. हा लोहाराचा मुलगा. पुस्तकें बांधण्याच्या दुकानांत उमेदवारी करतां करतां बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून शिकलेला. तारेच्या वेटोळ्यांत नुसता चुंबक ठेवून कांहीं होत नाहीं; तो आंत-बाहेर हलवावा लागतो, हें त्यांनीं दाखविलें. वीज चुंबकाच्या असण्यांत नाहीं, हलण्यांत आहे. अशा रीतीनें उत्पन्न झालेला प्रवाह आपणांस उत्पन्न करणाऱ्या हालचालीच्या नेहमीं उलट उभा राहतो, हा नियम १८३४ सालीं लेंझ या शास्त्रज्ञानें सांगितला. सृष्टीचा हिशेब असा चोख आहे. तेथें फुकट कांहीं मिळत नाहीं.

माथेरानच्या गारबट पॉइंटावर उभें राहिलें असतां खालीं उल्हास नदीचें खोरें व पलीकडे सह्याद्रीची उभी भिंत दिसते. त्याच भिंतीच्या पायथ्याशीं, आगगाडीच्या भिवपुरी रोड स्थानकापासून बरेंच आंत, भिवपुरीचें वीजघर आहे. तें १९२२ सालीं सुरू झालें. दक्षिणेकडे बोरघाटाच्या पायथ्याशीं खोपोलीचें वीजघर त्याहून जुनें. त्याच्या योजनेची पायाभरणी १९११ सालीं झाली व १९१५ सालीं तेथून मुंबईच्या गिरण्यांस वीज जाऊं लागली. खोपोलीस पाणी येतें तें लोणावळें, वळवण व शिरवता येथील तलावांतून; भिवपुरीस येतें तें आंध्रा नदीवरील ठोकरवाडीच्या धरणांतून. स्वभावतः हें पाणी भीमेंतून बंगालच्या उपसागराकडे जावयाचें. डोंगर पोखरून तें कोंकणांत उतरविलें आहे.

दोन्ही ठिकाणीं पाणी सुमारें पांचशे मीटर खालीं येतें, व लोखंडी नळांतून बारीक धारेच्या रूपानें चाकाच्या परिघावरील वाट्यांवर आदळतें. चाकाच्या आंसावरच जनित्र. खेळण्यांत दोरा ओढला तें काम येथें पाणी करतें, एवढाच भेद. मुंबईंत एखाद्यानें पंखा सुरू केला कीं जनित्रांतील तारांचा प्रवाह तेवढ्या अंशानें वाढतो, विरोध वाढतो, चाक जड होतें, आणि त्याची गति टिकविण्यासाठीं धार आपोआप मोठी करावी लागते. मुंबईंतील बटण व घाटांतील पाणी यांमध्यें दुसरा कोणताहि निरोप्या नाहीं.

येथें थोडें गणित करूं. १,००० लिटर पाणी ५०० मीटर खालीं आलें तर त्यांत १.३६ युनिट इतकी शक्ति असते; चाक व जनित्र यांतील तूट वजा जातां हातीं सुमारें १.१५ युनिट लागतें. पांच अश्वशक्तीचा पंप तासास सुमारें साडेचार युनिट खातो, म्हणजे त्या पंपाच्या एका तासाकरितां घाटावरून सुमारें ४,००० लिटर पाणी उतरावें लागतें. हाच पंप वीस मीटर खोल विहिरींतून तासास सुमारें ४०,००० लिटर पाणी वर काढतो. चार हजार उतरलें, चाळीस हजार चढलें! ऐकून चमत्कार वाटेल. परंतु पाण्यास उंचीनें गुणून पाहावें. उतरतांना वीस लाख, चढतांना आठ लाख. उरलेले बारा लाख चाकांत, तारांत, मोटारींत आणि पंपाच्या पात्यांत ऊन होऊन गेले. त्यांतील सर्वांत मोठा चोर बहुधा पंपच असतो. झिजलेलें पातें व अरुंद नळ यांची भरपाई विजेच्या बिलांतूनच होते.

या विजेची दुसरीहि किंमत आहे व ती शेतकऱ्याच्या मासिकांत अनुल्लेखित राहूं नये. मुळशीच्या धरणाखालीं मावळांतील शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार म्हणून १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला व त्यांत सेनापति बापट अग्रभागीं होते. धरण झालें, जमिनी गेल्या, आणि १९२७ सालीं भिरा येथें वीजघर सुरू झालें. ती वीज प्रामुख्यानें मुंबईकरितां होती. ज्याची जमीन बुडाली त्याच्या घरीं दिवा केव्हां लागला, हा प्रश्न आजहि विचारण्यासारखा आहे.

मोटार आणि जनित्र एकच, हें मोठ्या प्रमाणावर पाहावयाचें असेल तर बोरघाट जवळच आहे. कर्जताहून खंडाळ्याकडे लोहमार्ग जेथें अत्यंत उभा आहे तेथें सदतीस फुटांस एक फूट चढतो. १९३० च्या सुमारास हा मार्ग विजेवर चालूं लागला तेव्हां त्यावर जीं एंजिनें आलीं, व ज्यांस त्यांच्या चमत्कारिक आवाजावरून रेल्वेचे लोक 'खेकडा' म्हणत, त्यांत अशी योजना होती कीं उतारावर त्यांच्या मोटारीच जनित्रें बनत. गाडी आपल्या वजनानें खालीं ओढली जाई, चाकें मोटारींस फिरवीत, मोटारी वीज उत्पन्न करून वरच्या तारेंत परत घालीत, आणि त्या विजेच्या विरोधानेंच गाडी आंवरली जाई. ब्रेकचे ठोकळे झिजत नसत व घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीस मदत होई. विजेच्या नव्या गाड्यांतूनहि हेंच तत्त्व वापरतात.

भिरा येथें तर एकच मोठें यंत्र दोन्ही कामें करतें. १५० मेगावॅटचा तेथील संच मागणीच्या वेळीं पाण्यानें फिरून वीज देतो, व वीज विपुल असेल तेव्हां उलट फिरून तेंच पाणी मुळशीच्या तलावांत परत चढवितो. चढविण्यास जेवढी वीज लागते त्याच्या तीन चतुर्थांशांच्या आसपासच परत मिळते. तरीहि रात्रीं स्वस्त असलेली वस्तु संध्याकाळीं महाग विकतां येते म्हणून हा व्यवहार परवडतो. भिवपुरीस १,००० मेगावॅटची व शिरवत्यास १,८०० मेगावॅटची अशीच योजना करण्याविषयीं २०२३ सालीं राज्य सरकारशीं करार झाला आहे. त्या भागांतील खातेदारांनीं आपल्या सातबाऱ्यांकडे आतांपासूनच लक्ष ठेवावें.

आतां विहिरीवर येऊं. आपली तीन फेजची मोटार खेळण्याहून एका बाबतींत निराळी आहे. तिच्या फिरणाऱ्या भागास बाहेरून तार जोडलेलीच नसते. बाहेरच्या स्थिर कड्यांत तीन वेटोळीं असतात. तीन फेजांचा प्रवाह एकदम न चढतां एकामागून एक चढतो, आणि त्यामुळें त्या कड्यांत चुंबकत्व गोल धांवूं लागतें. आपल्याकडील वीज सेकंदास पन्नास आवर्तनें घेते. त्यामुळें चार ध्रुवांच्या मोटारींत हें चुंबकत्व मिनिटास १,५०० फेरे करतें. मधल्या लोखंडी नगांत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कांबी असतात. धांवतें चुंबकत्व त्यांवरून गेलें कीं फॅरडेच्या नियमानें त्यांत वीज उत्पन्न होते, आणि ऑरस्टेडच्या नियमानें ती वीज चुंबकत्वाच्या मागें ओढली जाते. म्हणजे एकाच पेटींत प्रथम जनित्र व मग मोटार. पाटीवर १,५०० ऐवजीं १,४४० असा आंकडा कां असतो, हें येथें कळतें. नग चुंबकत्वास गांठील तर त्याच्या कांबींवरून कांहींच जाणार नाहीं, वीज होणार नाहीं व जोर संपेल. थोडें मागें राहण्यांतच त्याचा सारा जोर आहे.

वेग घेतलेल्या मोटारींत उलट विरोध असतो, हें आपण खेळण्यांत पाहिलेंच. तोच विरोध बाहेरून येणाऱ्या विजेस आंवरून धरतो. मोटार थांबलेली असते तेव्हां हा पहारेकरी जागेवर नसतो, म्हणून सुरू होण्याच्या क्षणीं ती पूर्ण कामाच्या पांच ते सातपट प्रवाह ओढते. उष्णता प्रवाहाच्या वर्गानें वाढते. सहापट प्रवाह म्हणजे छत्तीसपट ऊन. दोन-तीन सेकंदांत वेग आला तर निभावतें. वेग आलाच नाहीं तर तारांवरील रोगण करपतें, शेजारच्या तारा एकमेकींस भिडतात, आणि मोटार जळाली असें आपण म्हणतों.

वेग न येण्याचें पहिलें कारण कमी दाब. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब व अँपिअर म्हणजे प्रवाह, इतकें ध्यानीं ठेवावें. ४१५ व्होल्टांच्या जागीं ३०० व्होल्ट मिळाले तर मोटारीचा जोर पाऊणपट होत नाहीं, जवळ जवळ निम्मा होतो; कारण बाहेरचें चुंबकत्व आणि आंतली वीज दोन्ही कमी होतात. पंप तर तितकेंच काम मागतो. मग मोटार मंदावून सुमारें दीडपट प्रवाह ओढते व दुपटीच्या जवळ तापते. हा दाब बहुधा आपणच उतरवितों. पाळीची वीज येतांच एका डीपीवरील वीस विहिरींचे ऑटो एकाच क्षणीं वीस मोटारी सुरू करतात, प्रत्येक सहापट प्रवाह ओढते, दाब कोसळतो, आणि वेग कोणासच येत नाहीं. सगळ्यांनीं मिळून आपल्या ऑटोंतील विलंब एकमेकांपासून दहा-दहा सेकंद पुढें-मागें लावला तर एक पैहि न लागतां हें संकट टळतें. प्रत्येक पंपास योग्य कपॅसिटर लावण्याचा उपायहि चांगला आहे. पांच अश्वशक्तीस दोन के.व्ही.ए.आर. पुरतो.

दुसरें कारण एक फेज जाणें. थांबलेल्या मोटारीस दोनच फेज मिळाले तर तिच्यांतील चुंबकत्व गोल धांवत नाहीं, पुढें-मागें नुसतें डोलतें. मोटार गुणगुणते पण फिरत नाहीं, आणि मिनिटांत संपते. चालू मोटारीचा फेज गेला तर ती फिरत राहते, म्हणून मालकास पत्ता लागत नाहीं. उरलेल्या तारांत मात्र पावणेदोनपट प्रवाह, म्हणजे तिप्पट ऊन होतें. दोन फेजांवर कपॅसिटरनें तिसरा बनवून मोटार चालविण्याची युक्ति गांवोगांव आहे. तिनें काम भागतें, परंतु बनविलेला फेज खऱ्याइतका भरीव नसतो, आणि पूर्ण भार दिला कीं त्याच मार्गानें मोटार जाते. ही युक्ति मला पसंत नाहीं.

पसंत नाहीं याचें कारण अनुभव. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या विहिरीवरील फ्यूज वारंवार उडे. त्याचा कंटाळा येऊन मीं त्यांत केबलींतील तांब्याच्या तीन तारा पिळून घातल्या, व स्टार्टरमधील रिले मधेंच तोडतो म्हणून त्यासहि बगल दिली. एके रात्रीं पाळी असतां वरच्या बाजूस एक फेज गेला. मी घरीं झोंपलों होतों. पहाटे विहिरीवर गेलों तों पाट कोरडा, आणि वारा नसतांहि बांधापर्यंत रोगणाचा वास आलेला. दुरुस्तीस अकरा दिवस लागले. त्या खाचरांतील भात कापलें, पण झोडतांना भुसाच अधिक उडाला. फ्यूज बारा महिने मला जें सांगत होता तें मीं तार जाड करून बंद पाडलें होतें.

रिलेचें काम फ्यूजाहून निराळें आहे. फ्यूज तारा जुळल्या असतां धांवून येतो; रिले मोटार हळूहळू तापत असतां तोडतो. त्याचा कांटा मोटारीच्या पाटीवरील अँपिअरच्या आंकड्यावर ठेवावा. पांच अश्वशक्तीच्या साध्या मोटारीवर तो सुमारें साडेसात असतो, पाणबुडी मोटारीवर थोडा अधिक. अंदाजानें न लावतां पाटी वाचूनच लावावा. फेज गेला असतां तोडणारें निराळें यंत्रहि मिळतें, आणि त्याची किंमत एका वेळच्या तारा भरण्याहून बरीच कमी पडते. मोटारीच्या अंगास जमिनीशीं जोडणारी तार मात्र मोटारीकरितां नसून माणसाकरितां आहे. ओल्या पायांनीं विहिरीवर जाणाऱ्या मुलांचा विचार करून ती दर उन्हाळ्यांत तपासावी व खड्ड्यांत पाणी घालावें.

तारा भरून आणल्यावर किंवा केबल बदलल्यावर पंप चालतो पण पाणी फार थोडें देतो, अशी तक्रार येते. त्या वेळीं पंप उघडूं नये. तीन तारांतील कोणत्याहि दोन अदलून पाहाव्या; चुंबकत्व उलट दिशेनें धांवूं लागतें व मोटार सरळ होते. अर्थात् हें काम मुख्य खटका बंद करूनच करावें.

माथेरानाहून उतरल्यावर मी त्या बागाईतदारांच्या विहिरीवर मुद्दाम गेलों. स्टार्टरचें झाकण काढून पाहिलें तों मोटारीच्या पाटीवर साडेसात, आणि रिलेचा कांटा पंधरावर. तो कोणी नेला हें त्यांस सांगतां येईना. गडी म्हणाला, पूर्वीं फार वेळां बंद पडत असे म्हणून कोणीतरी फिरविला. आम्हीं तो साडेसातावर आणला व मोटार सुरू केली. चौथ्या मिनिटास तिनें तोडलें. दाब मोजला तर तीनशेंदहा. शेजारच्या चार विहिरी बंद करवून पुन्हां सुरू केली. ती संध्याकाळपर्यंत चालली. दुसऱ्या दिवशीं ते पांचहि खातेदार एकत्र बसून ऑटोंचे विलंब लावीत होते.